मदत हवी आहे: आईला घेऊन पालांगाला (लिथुआनिया) जायचंय, 'एग्ले'चा पुतळा बघायला

नमस्कार मंडळी. मी वॉर्सॉत नोकरीला आहे, ऑगस्टमध्ये आई पहिल्यांदाच इकडे येतेय आणि तिला पॅरिस, स्वित्झर्लंड काहीच नकोय. तिला लिथुआनियात बाल्टिक समुद्राकाठी पालांगा नावाचं गाव आहे तिथला एक पुतळा बघायचाय, त्यासाठी मदत हवीये.

आधी थोडं का ते सांगते. एकदा व्हिडिओ कॉलवर मी तिला एग्लेची गोष्ट सांगितली, ही लिथुआनियाची घराघरातली लोककथा. बारा भाऊ, तीन बहिणी, एग्ले सगळ्यात धाकटी. बहिणी आंघोळ करून पाण्याबाहेर येतात तर हिच्या कपड्यांच्या बाहीत साप बसलेला, तो म्हणतो लग्नाला हो म्हण तरच कपडे देतो. घरचे आधी हंस, मग मेंढी, मग गाय नवरी म्हणून पाठवून फसवायला बघतात पण कोकिळा दर वेळी चुगली करते. शेवटी एग्ले जाते, तर समुद्राच्या तळाशी तो साप म्हणजे झिल्विनस नावाचा राजपुत्र निघतो, छान संसार होतो, तीन मुलगे एक मुलगी. नऊ वर्षांनी तिला माहेरची ओढ लागते आणि ती पोरांना घेऊन येते. भाऊ भाच्यांना दटावून मारून बापाचं नाव काढायला बघतात, मुलगे तोंड उघडत नाहीत पण धाकटी द्रेबुले घाबरून सांगून टाकते. मग भाऊ कोयते घेऊन किनाऱ्यावर जातात, नावाने हाक मारतात आणि त्याला मारतात. एग्ले परत येऊन हाक मारते, जिवंत असशील तर दुधाचा फेस येऊ दे, मेला असशील तर रक्ताचा. लाट येते ती लाल.

आई किती तरी वेळ काही बोललीच नाही. मग एवढंच म्हणाली, "भावांनी मारलं?"

आमच्याकडे नागपंचमीला चिरणं, तळणं काही नाही, दिंडं उकडायची, पाटावर चंदनाने नाग काढायचे आणि आजी कहाणी सांगायची, ती माहेर नसलेल्या सुनेची, जिला नागच मामा होऊन घरी नेतो, आणि ती म्हणते माझे भाऊ लांडोबा पुंडोबा जिथे असतील तिथे खुशाल असोत. म्हणजे आपल्या कहाणीत नाग हेच माहेर, आणि त्यांच्याकडे नाग हे सासर आणि माहेरानेच घात केला. आजी गेल्यापासून आईचंही माहेर जवळजवळ सुटलंच आहे त्यामुळे मला वाटतं तिला ते फार आत लागलं. ती येईल तेव्हा श्रावण असणार आणि नागपंचमी पण त्यातच येतेय. त्या दिवशी तिला त्या पुतळ्याजवळ उभं राहायचंय, बस.

तर प्रश्न असे. विल्निअसहून तिथे कसं जायचं, आईच्या गुडघ्यांचा त्रास आहे, पुतळ्यापर्यंत किती चालावं लागतं? ती शाकाहारी आहे, अंडं चालतं, खायला काय मिळेल? आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तिथे फूल ठेवलं, थोडं दूध वाहिलं तर कोणाला वाईट वाटेल का?

प्रतिसाद:
ताई, मी कौनासला बरीच वर्षं राहिलोय, पालांगाला चार-पाच वेळा तरी गेलो असेन. विल्निअसहून क्लायपेदाची ट्रेन पकडा, चार तासांच्या आसपास लागतात, पण क्लायपेदापर्यंत जाऊ नका, त्याआधी क्रेटिंगाला उतरा, तिथून पालांगा १०-१२ किलोमीटर, बस मिळते. पुतळा बोटॅनिकल पार्कच्या मुख्य प्रवेशाजवळच आहे, फुलांच्या ताटव्यात, त्यामुळे काकूंना फार चालावं लागणार नाही. ब्राँझचा आहे, १९६० चा, रोबेर्तास अंतिनिस या शिल्पकाराचा. समुद्र मात्र पार्कच्या दुसऱ्या टोकाला, मध्ये झाडीतून सपाट वाट आहे आणि वाटेत तिश्किएविच घराण्याचा वाडा लागतो, त्यात अंबरचं (झाडाच्या राळेपासून बनलेल्या सोनेरी खड्यांचं) म्युझियम आहे, तिथे टेकून मग पुढे जा. समुद्राशिवाय परत येऊ नका, ती हाक तिथलीच आहे.

१५ ऑगस्टला तिकडे सुट्टी असते, त्या आठवड्यात पालांगा तुडुंब भरतं, खोली आत्ताच बुक करा. खाण्याचं म्हणाल तर शाल्तिबार्श्चेइ, म्हणजे बीट आणि केफिरचं (ताकासारखं आंबवलेलं दूध) थंडगार गुलाबी सार, सोबत उकडलेले बटाटे, काकूंना नक्की आवडेल. बटाट्याची धिरडी पण मिळतात. फक्त ऑर्डर देताना "बे मेसोस" म्हणजे मांसाशिवाय असं आवर्जून सांगा, कारण वरून डुकराच्या चरबीचे तळलेले तुकडे घालायची सवय आहे.

फुलं खुशाल ठेवा. दूध ओतू नका, ब्राँझवर डाग पडतात आणि बाग सार्वजनिक आहे. पण काकूंना एक सांगा, तिथले जुने लोक पण घरात आलेल्या झाल्तिसला, म्हणजे त्यांच्या बिनविषारी पाणसापाला, दूध ठेवायचे आणि मारणं पाप मानायचे. त्यामुळे तुमची भावना तिथल्या मातीला परकी नाही. दूध न्यायचंच असेल तर वाटीभर समुद्रात सोडा.

एक दिवस जास्त असेल तर क्लायपेदाहून फेरीने स्मिल्तिने आणि पुढे बसने युओद्क्रांतेला जाता येतं, तिथे चेटकिणींची टेकडी आहे, १९७९ पासून ओकच्या लाकडात कोरलेल्या लोककथांच्या मूर्ती. पण तिथे चढ आहे, गुडघ्यांचं बघून ठरवा.

धागाकर्ती:
दादा, मनापासून आभार, तुमचा प्रतिसाद आईला फोनवर वाचून दाखवला. दूध समुद्रातच सोडायचं असं तिने लगेच ठरवूनही टाकलं. टेकडी रद्द.

आता तिचा एक प्रश्न, तोही विचारते. गोष्टीच्या शेवटी एग्ले मुलांना झाडं करते ना, मुलगे ओक, अ‍ॅश आणि बर्च, स्वतः स्प्रूस, आणि द्रेबुलेला अ‍ॅस्पेन, जिची पानं जराशा वाऱ्यानेही थरथरतात. मी तिला अ‍ॅस्पेनचा फोटो पाठवला तर म्हणाली हे तर आपल्या पिंपळासारखं सळसळत असणार. आणि मग म्हणाली की त्या पोरीला उगाच शिक्षा झाली, लहान होती, मामांनी मारलं, घाबरली, बोलली. तिला पुतळ्यापाशी एक फूल ठेवायचंय आणि दुसरं त्या झाडाखाली. तर त्या पार्कात किंवा आसपास द्रेबुलेचं झाड नेमकं कुठे दिसेल हे कोणाला माहितीये का?