मदत हवी आहे: स्फोटानंतर दादाचा स्वभाव पार बदलला, सीटी स्कॅन मात्र नॉर्मल

नमस्कार. आम्ही सातारा जिल्ह्यातले. थोरला भाऊ सतरा वर्षं पायदळात होता, नायक म्हणून पेन्शनवर आला त्याला दोन वर्षं झाली. वय ३९. सात वर्षांपूर्वी काश्मीरमध्ये त्याच्या पुढच्या गाडीखाली आयईडी (पेरलेला बॉम्ब) फुटला. दोन सोबती जागीच गेले. दादाला बाहेरून खरचटलंही नव्हतं. डाव्या कानाचा पडदा फाटला आणि नंतरचा अर्धा तास त्याला आजही आठवत नाही. कानावर उपचार झाले, डोक्याचा सीटी नॉर्मल आला, दादा ड्यूटीवर परत.

आधीचा दादा कसा होता ते सांगते, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. भावकीत बांधावरून वाद पेटला की लोक म्हणायचे, थांबा, त्याला सुट्टीवर येऊ दे. दोन्हीकडचं ऐकून शांतपणे मिटवायचा. आता भाच्याच्या हातून पेला पडला तर जेवणाचं ताट भिंतीवर जातं. दहा मिनिटांत राग ओसरतो, मग गोठ्यात जाऊन रडतो. एरवी नुसता बसून असतो. शेतात निघायचं ठरवतो, चपला घालतो आणि उंबऱ्यातच थांबतो. सहावीतला भाचा बाप घरी असला की आतल्या खोलीतून बाहेर येत नाही. गाव म्हणतं, फौजी डोकं आहे, चालायचंच. आई वहिनीला म्हणते, सोस जरा.

मार्चमधली गोष्ट. वहिनी धार काढायला गेली होती, दादा गॅसपासून दोन हातांवर बसलेला. दूध करपलं, पातेलं काळं झालं, मी वासाने अंगणातून धावत आले. त्याला पत्ताच नव्हता. विचारलं तर म्हणाला, "मला तेव्हापासून वास येत नाही." सात वर्षं कुणाला बोलला नव्हता.

मी डी.फार्म. झालेय, साताऱ्यात एका मेडिकलमध्ये काम करते. त्या दिवसापासून वाचतेय. वासाचे तंतू मेंदूच्या पुढच्या भागाच्या तळाशी, डोळ्यांच्या वर पोचतात, आणि त्याच्या लगतचाच भाग राग आवरायचं काम करतो. दोन्ही एकदमच दुखावले असतील का? चार्ल्स मायर्स या डॉक्टरांनी १९१५ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात 'शेल शॉक'वर, म्हणजे तोफगोळे फुटल्यावर सैनिकांना होणाऱ्या त्रासावर लिहिलं, ते तीन सैनिकांबद्दल होतं: स्मृती, दृष्टी, वास आणि चव गेलेल्या. त्या पहिल्या महायुद्धात आमच्या भागातलीही माणसं लढली होती. त्यांच्यातल्या किती जणांना घरच्यांनी नुसतंच तिरसट ठरवलं असेल, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

२०१६ मध्ये अमेरिकेत डॅनियल पर्ल यांच्या गटाने मरण पावलेल्या सैनिकांचे मेंदू तपासले. ज्यांनी स्फोट झेलले होते त्यांच्या मेंदूत करडा आणि पांढरा भाग जिथे एकमेकांना भिडतात तिथे बारीक व्रण सापडले. ते सीटीत दिसत नाहीत. रसायनांचं जे समजलं ते असं: मार बसताना ग्लूटामेट हे मेंदूतलं निरोप पोचवणारं रसायन बेसुमार सुटतं आणि पेशींना इजा करतं, पुढे हालचालीला आणि उमेदीला लागणाऱ्या डोपामिनचं काम मंदावू शकतं, मग माणसाला काही सुरूच करता येत नाही. चपला घालून थांबलेला दादा मला तिथे दिसला. पण सोबती गेल्याचं दुःखही त्याच्या आत आहेच. मला दोन्ही वेगळं करता येत नाही.

इथल्या एका डॉक्टरांनी पाच मिनिटांत झोपेची गोळी दिली. ती घेतल्यावर तो जास्तच बेभान होतो, म्हणून विचारून बंद केली. आता आधी न्यूरॉलॉजिस्ट की मानसोपचारतज्ज्ञ? सीटीऐवजी एमआरआय मागावा का? स्फोटानंतर मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका (पिट्यूटरी) ग्रंथीचे हार्मोन कमी पडू शकतात असं वाचलं. दादाला सतत थकवा असतो, तर थायरॉइड, सकाळचं कॉर्टिसॉल, टेस्टोस्टेरॉन तपासायला सांगावं का? अमँटाडीन आम्ही पार्किन्सनच्या पेशंटना देतो. अशा दुखापतीत कुणाच्या घरात ते दिलं गेलंय का, फरक पडला का? औषध मी मनाने देणार नाही, अनुभव हवा आहे.

दोन दिवसांनी भर: सगळ्यांचे मनापासून आभार. विचारलेल्याची उत्तरं देते. हो, रम घेतो, कँटीनची. पूर्वी दोन पेग घेऊन गाणी म्हणायचा, आता दुसऱ्या पेगलाच माणूस बदलतो. फिट कधी आली नाही. पण दोनदा अर्धा मिनिट एकटक बघत राहिला, हाकेला ओ दिली नाही. तीही फिट असू शकते, व्हिडिओ काढा, असं एकांनी लिहिलंय. माझ्या हे लक्षातच आलं नव्हतं. परवान्याची बंदूक काल पोलीस ठाण्यात जमा केली, दादा स्वतः सोबत आला. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर दिलात, वहिनी रात्री मराठीतच बोलली आणि बऱ्याच दिवसांनी झोपली.

गुरुवारी पुण्याला न्यूरॉलॉजिस्टकडे जातोय. दादा डॉक्टरांसमोर "मी ठीक आहे" एवढंच म्हणणार, हे नक्की. वहिनीने त्याच्यासमोरच सगळं सांगावं, की आधी चिठ्ठीत लिहून द्यावं? त्याचा मान राहील असं काय केलंत तुम्ही?