मदत हवी आहे: कामासाठी खऱ्या कळांचा फोन घ्यावा का?

मसुदा:

नमस्कार मंडळी,

खऱ्या, दाबल्या जाणाऱ्या कळांचा कीबोर्ड असलेला स्मार्टफोन घ्यायचा विचार चालू आहे. हौसेचा दुसरा फोन म्हणून नको आहे. बँक, ऑफिस, घर सगळं याच एका फोनवर चालेल, म्हणून पैसे घालण्याआधी इथल्या अनुभवी लोकांना विचारते आहे.

मी एका कंपनीच्या विधी विभागात आहे. करारांचे मसुदे तपासायचे आणि समोरच्या पक्षाशी एकेका शब्दावरून घासाघीस करायची, हे रोजचं काम. यातलं बरंचसं दोन बैठकांच्या मधे किंवा प्रवासात होतं, लॅपटॉप उघडायला जागाच नसते. ईमेल इंग्रजीत आणि लांबलचक असतात. सहकाऱ्यांशी चर्चा मात्र मराठीत, आणि तीही कधी कधी पानभर. सगळं दोन अंगठ्यांनी टंकायचं.

काचेवर वेग कमी पडतो अशी माझी तक्रार नाही. कलम ७.२ वर उत्तर लिहायला घेतलं की कीबोर्ड वर येतो आणि जवळजवळ अर्धा पडदा खाऊन टाकतो. उरलेल्या पट्टीत माझ्याच चार ओळी दिसतात. ज्याबद्दल लिहायचं ते कलम कुठेतरी वर सरकलेलं असतं. मग कीबोर्ड मिटा, वर जा, वाचा, पुन्हा खाली या. याहून मोठी काळजी ऑटोकरेक्टची. बोट सरकवत लिहिताना ‘नॉट लायबल’चं ‘नाऊ लायबल’ होतं. दोन्ही वाक्यं व्याकरणात चपखल बसतात, त्यामुळे खाली लाल रेघही येत नाही. जबाबदारी नाही म्हणायचं होतं आणि आता जबाबदारी आहे असं लिहून बसतो! प्रत्येक ओळ तीनतीनदा वाचावी लागते. ऑटोकरेक्ट बंद केलं तर बोट नेमकं कुठे पडलं ते काच सांगत नाही. कळ बोटाला लागत असेल तर ते बंद ठेवून लिहिता येईल, असा माझा हिशेब आहे.

शोधाशोध केल्यावर तीन पर्याय हाती लागले. पहिला, २०१८ चा ब्लॅकबेरी की-टू. साडेचार इंची पडदा, कळांवरून नुसतं बोट फिरवलं की पान सरकतं, बोटाचा ठसा घेणारा सेन्सर स्पेसबारमध्येच. कळांच्या दर्जासाठी लोक अजून याचंच नाव घेतात. आता मिळेल तो वापरलेला किंवा कुठेतरी पडून राहिलेलाच. दुसरा, युनिहर्ट्झचा २०२५ मधला टायटन २. साडेचार इंची चौकोनी पडदा, १४४० बाय १४४० पिक्सेल, १२ जीबी रॅम, ५०५० एमएएच बॅटरी, अँड्रॉइड १५, ५जी. तिसरा, साध्या फोनला खालून जोडायची क्लिक्सची कीबोर्ड-केस.

की-टूकडे माझा ओढा आहे, हे उघडच सांगते. ऑफिसचं वर्क प्रोफाइल (फोनमधला ऑफिसच्या अ‍ॅपचा वेगळा कप्पा) त्यावर नीट चालेल का? चौकोनी पडद्यावर बँकेची अ‍ॅप आणि पीडीएफ यांचं काय होतं? आणि मराठी? सध्या मी रोमन अक्षरांत लिहून देवनागरी उमटवते, घरच्या संगणकावर मात्र इनस्क्रिप्टवर, म्हणजे देवनागरीच्या प्रमाण कळमांडणीवर, हात बसलेला आहे. कृपया ज्यांनी स्वतः वापरलं आहे त्यांनी सांगा.

उत्तरायण:

मसुदाताई, आमच्याकडे कर्मचाऱ्यांचे फोन ऑफिसच्या प्रणालीत नोंदवायचं काम माझ्याकडे आहे, म्हणून पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो. की-टू घेऊ नका. कळा कितीही सुरेख असोत.

टीसीएल या चिनी कंपनीकडे ब्लॅकबेरी नावाने फोन बनवायचा परवाना होता, तो ऑगस्ट २०२० मध्ये संपला. की-टू अँड्रॉइड ८ घेऊन आला आणि त्याच्या पुढे गेलाच नाही. जानेवारी २०२२ मध्ये ब्लॅकबेरीने ज्या सेवा बंद केल्या त्या तिच्या स्वतःच्या जुन्या प्रणालीवरच्या फोनच्या, म्हणजे बोल्ड, क्लासिक, पासपोर्ट वगैरे. अँड्रॉइडवाले त्यातून वाचले, म्हणून लोकांना वाटतं की की-टू अजून ठणठणीत आहे. फोन चालू होतो, फोनही लागतात, पण सुरक्षेची अपडेट थांबून काही वर्षं झाली. कामाच्या फोनला तेच महत्त्वाचं.

वर्क प्रोफाइल देताना आमची प्रणाली दोन गोष्टी बघते: अँड्रॉइडची आवृत्ती आणि शेवटच्या सुरक्षा पॅचची, म्हणजे सुरक्षेच्या अपडेटची, तारीख. ठरवलेल्या तारखेपेक्षा पॅच जुना असेल तर ऑफिसचं ईमेल उघडतच नाही. ही मर्यादा दर काही महिन्यांनी पुढे सरकते. म्हणजे आज एखादा जुना फोन कसाबसा आत घुसलाच तर उद्या बाहेर पडेल, आणि तो दिवस नेमका करारावर सह्या व्हायचा असेल. नवं अँड्रॉइड स्वतः टाकून घेऊ म्हणाल तर की-टूचा बूटलोडर (फोन सुरू होताना प्रणाली चालू करणारा प्रोग्रॅम) कुलूपबंद आहे, तो मार्गही नाही.

तुम्ही करार हाताळता. त्यात दुसऱ्या पक्षाची गोपनीय माहिती असते. पॅच न मिळणाऱ्या फोनवर ती ठेवणं मला तरी पटत नाही. टायटन २ घेण्याआधीसुद्धा तुमच्या आयटीला मॉडेलचं नाव लेखी कळवा आणि कमीत कमी कोणती पॅच-तारीख लागते ते विचारून घ्या. छोट्या कंपन्यांच्या फोनना अपडेट मोठ्या कंपन्यांइतकी नेमाने मिळत नाहीत.

कळदार:

मी चौकोनी पडद्याचा आणि कळांचा फोन मुख्य फोन म्हणून वापरतो आहे, मोजमापाची टिपणं आणि अहवाल लिहिण्यासाठी. तुमची पहिली अडचण शंभर टक्के सुटेल. कीबोर्ड पडद्यावर येतच नाही, त्यामुळे वर मूळ पत्र आणि खाली माझं उत्तर दोन्ही एकावेळी दिसतं. लिहिताना नजर मजकुरावर राहते, कळांवर जात नाही.

पण आकड्यांचा सराव करावा लागतो. आकड्यांची वेगळी ओळ नसते, ऑल्ट दाबून अक्षराच्या कळेवरूनच आकडा काढायचा. ब्लॅकबेरीच्या मांडणीत डावीकडच्या नऊ कळांत १ ते ९ कॅल्क्युलेटरसारखे तीन-तीनच्या ओळींत बसवलेत, ते लवकर अंगवळणी पडतं. तुमचं ‘कलम ७.२, उपकलम ३’ सतत येणार, म्हणजे ऑल्टवरचा अंगठा दिवसभर कामाला. सुरुवातीला काचेपेक्षा हळूच लिहाल. तेवढ्यावरून फोन परत करू नका.

चौकोनी पडद्यावर पीडीएफ छान वाचता येतं, ओळ पूर्ण रुंदीत बसते. बँकेच्या अ‍ॅपमध्ये मात्र खालचं ‘पुढे जा’चं बटण कधी कधी पडद्याबाहेर राहतं. अक्षरांचा आकार लहान केला की बहुतेक वेळा दिसायला लागतं. उभे व्हिडिओ विसरा.

आता मराठी. इथे मात्र घोडं पेंड खातं, आणि याबद्दल फारसं कुणी लिहीत नाही म्हणून जरा सविस्तर लिहितो. इनस्क्रिप्ट संगणकाच्या पूर्ण कीबोर्डसाठी बनलं आहे. त्यात च अर्धविरामाच्या कळेवर आहे, ट अवतरणचिन्हाच्या, ड चौकटी कंसाच्या, य तिरप्या रेघेच्या, आणि ष स्वल्पविरामाच्या कळेवर शिफ्टसह. छ, ठ, ढ याच कळांच्या शिफ्टवर. फोनच्या कीबोर्डवर अक्षरांच्या २६ कळा, आणि उजव्या काठाला असणाऱ्या या कळा तिथे नसतातच. क, त, र, प, म, न, ल सगळे हाताशी, पण ‘काय’ लिहायचं तर य नाही आणि ‘चूक’ लिहायची तर च नाही!

मी वापरतो तो उपाय असा: मराठीपुरता पडद्यावरचा कीबोर्ड चालू करायचा. भौतिक कीबोर्डच्या सेटिंगमध्ये, खऱ्या कळा असतानाही पडद्यावरचा कीबोर्ड दाखवा, असा पर्याय असतो. पण चौकोनी पडदा मुळात बुटका, त्यावर कीबोर्ड आला की वर दोनतीन ओळीच उरतात. म्हणजे ज्या त्रासातून सुटायला फोन घेतला तो मराठीत दुप्पट. मी मराठीत थोडकंच लिहितो म्हणून निभतं. तुमचं पानभर असतं.

फोन घेण्याआधी एक करून बघा. तुमच्या आत्ताच्या अँड्रॉइड फोनला ओटीजीने (फोनला यूएसबी उपकरण जोडायच्या सोयीने) संगणकाचा साधा यूएसबी कीबोर्ड जोडा. अँड्रॉइडच्या लेखी तोही भौतिक कीबोर्ड आणि टायटनचाही भौतिक कीबोर्डच. तुमचं मराठीचं अ‍ॅप तिथे कसं वागतं ते फुकटात कळेल. फक्त अक्षरांच्या २६ कळा सोडून बाकीच्यांना हात लावायचा नाही, म्हणजे खरी परीक्षा होईल.

पाऊलवाट:

वेगळं मत मांडते. दोन अंगठ्यांनी काचेवर लिहिणं लोकांना वाटतं तितकं मागासलेलं नाही. २०१९ मध्ये ३७ हजार लोकांच्या टंकलेखनाचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात मोबाइलवरचा सरासरी वेग मिनिटाला ३६ शब्दांच्या आसपास निघाला. त्यातलाच दुसरा निष्कर्ष तुमच्या कामाचा आहे: आपोआप दुरुस्ती वापरणाऱ्यांचा वेग वाढलेला दिसला, पण वर सुचवलेले शब्द बघून निवडणाऱ्यांना फायदा झाला नाही. तेव्हा सूचनांची पट्टी बंद करा, बोट सरकवून लिहिणं बंद करा, एकेक अक्षर टंका. ‘नॉट’चं ‘नाऊ’ होणं मुख्यतः सरकवण्यामुळे होतं. पक्षकारांची नावं आणि नेहमीच्या संज्ञा वैयक्तिक शब्दकोशात भरून ठेवा. नवा फोन न घेता निम्मा त्रास कमी होईल.

पडदा झाकला जाण्यावर मात्र माझ्याकडे उत्तर नाही. तिथे कळाच हव्यात.

निळीशाई:

क्लिक्सची केस वापरते. ती फोनच्या चार्जिंगच्या खाचेत बसते आणि वीज फोनकडूनच घेते, वेगळी बॅटरी नाही. पडदा पूर्ण मोकळा राहतो आणि तो उंच असल्यामुळे मूळ कलम, तुमचं उत्तर सगळं मावतं. शिवाय फोन नेहमीच्या मोठ्या कंपनीचा, म्हणजे उत्तरायण म्हणतात ती पॅचची काळजी मिटली, आणि बँकेचं अ‍ॅपही कुरकुर करत नाही. मराठीत लांब लिहायचं तेव्हा केस काढायची की झालं.

तोटा हातात घेतल्यावर कळतो. फोन खूप लांब होतो आणि वजन वरच्या टोकाला जातं. अंगठे अगदी खाली कळांवर, जड भाग वर, त्यामुळे करंगळीचा आधार द्यावा लागतो. उभ्याने लिहायला मला नाही जमत, बसून कोपर टेकवून उत्तम. खिशात तर जातच नाही. आणि केस ठरावीक मॉडेलपुरतीच असते, फोन बदलला की केसही नवी.

मसुदा:

सगळ्यांचे मनापासून आभार. उत्तरायण, तुमचा प्रतिसाद वाचून की-टू यादीतून काढला. मन अजून तिकडे धावतं, पण दुसऱ्यांचे कागद माझ्या हौसेवर टांगून ठेवायचे नाहीत. आयटीला टायटन २ चं नाव कळवलं आहे. ते मॉडेलवर अडून बसत नाहीत, पॅचच्या तारखेवर मात्र ठाम आहेत.

कळदार, यूएसबी कीबोर्ड जोडून बघितला. इंग्रजीत फारच बरं वाटलं: वर कलम, खाली उत्तर, मधे काही नाही. मराठीत मात्र माझ्या नेहमीच्या अ‍ॅपमध्ये कळा दाबल्या तर रोमनच अक्षरं उमटत राहिली, देवनागरी आलीच नाही. इनस्क्रिप्ट लावलं आणि २६ कळांपलीकडे जायचं नाही असं ठरवलं, तर ‘करार’ झटकन लिहून झाला, ‘रक्कम’ झाली, ‘मुदत’ झाली, आणि ‘अट’पाशी गाडी थांबली. माझ्या कामात ‘अट’ लिहिता येत नसेल तर कसं चालेल? ‘चर्चा’ नाही, ‘पर्याय’ नाही, ‘विषय’ नाही.

पाऊलवाट, सरकवून लिहिणं बंद केलं आहे. फरक पडला, अर्थ फिरवणाऱ्या चुका कमी झाल्या. आता राहिला तो झाकलेल्या पडद्याचाच प्रश्न.

निळीशाई, मी बहुतेक वेळा उभ्यानेच लिहिते, त्यामुळे केसबद्दल मन साशंक आहे. तरी एकदा कुणाची तरी हातात घेऊन बघणार आहे.

तेव्हा आता टायटन २ प्रत्यक्ष वापरणाऱ्यांना एकच विचारायचं आहे. त्याच्या कीबोर्डवर ऑल्ट किंवा सिम (Sym, म्हणजे चिन्हांची कळ) यांच्यासह एखादी कळ दाबली तर आपल्याला हवं ते अक्षर यावं, असं बसवता येतं का? मला च, ट, ड, य आणि ष एवढे पाच बसवायचे आहेत. छ, ठ, ढ शिफ्टवर आले तर उत्तमच. कळांची मांडणी बदलणारं एखादं अ‍ॅप वापरून कुणी इनस्क्रिप्ट पुरं करून घेतलं असेल तर ते कोणतं, आणि ऑफिसच्या वर्क प्रोफाइलच्या आतही चालतं का, ते जरूर लिहा. हे जमत असेल तर मी टायटन घेते.