मदत हवी आहे: दाखल्याच्या खिडकीवर पालकांशी कसं बोलावं?

नमस्कार. मी अनुदानित माध्यमिक शाळेत कनिष्ठ लिपिक आहे. शालार्थ (पगाराची ऑनलाइन प्रणाली), यू-डायस (शाळा-विद्यार्थ्यांची माहिती भरायची प्रणाली), आवक-जावक जमतं. अडतं ते खिडकीवर. आधार कार्डावरचं आणि शाळेच्या जनरल रजिस्टरमधलं (प्रवेशाच्या नोंदवहीतलं) नाव जुळलं नाही की अपार आयडी (विद्यार्थ्याचा कायमचा शैक्षणिक ओळख क्रमांक) अडकतो. पालक म्हणतात, "एक अक्षर तर आहे, खोडून लिहा ना!" शिक्षणाधिकाऱ्यांच्या मंजुरीशिवाय तसं करता येत नाही. पण कामाला खाडा करून आलेल्या माणसाला नुसतं "नियमात बसत नाही" म्हणणं मला फार कोरडं वाटतं.

जुन्या जाणत्या लिपिकांनो, अशा वेळी तुमचं पहिलं वाक्य काय असतं? नावदुरुस्तीच्या अर्जाचा सोपा नमुना, कागदपत्रांची यादी कुणी छापून ठेवली असेल तर कृपया पाठवा. आणि रांग असताना फोन वाजला, तर आधी समोरच्याचं काम संपवता की फोन उचलता?