लेकीची मान जन्मापासून वाकडी, साडेतीन वर्षांची आहे, ऑपरेशन करावं का?

माजलगावची_आई
नमस्कार सगळ्यांना. माझ्या लेकीची मान उजवीकडं कललेली अन् हनुवटी डावीकडं वळलेली आहे. पायाळू होती, सिझर झालं. वीस-बावीस दिवसांची असताना अंघोळ घालताना सासूबाईंच्या हाताला मानेत उजव्या बाजूला सुपारीएवढी टणक गाठ लागली, त्या म्हणल्या तेल लावून चोळलं की जिरंल, अन् सहाव्या महिन्यापर्यंत गाठ खरंच गेली म्हणून आम्ही निवांत झालो. मान काही सरळ झाली नाही. एका डॉक्टरांना दाखवलं होतं तेव्हा, ते म्हणले चालायला लागली की सुटंल. आता वेणी घालायला बसवलं की भांग सरळ पडत नाही, फ्रॉकचा गळा सारखा एका खांद्यावरून उतरतो, अन् उजवा गाल डाव्यापेक्षा बारीक दिसायलाय. अंगणवाडीत तपासणीचं पथक आलं होतं, त्यांनी चिठ्ठी देऊन मोठ्या दवाखान्यात पाठवलं. एक्सरेत हाडं चांगली आहेत, मानेची नस आखडलीय, ऑपरेशन करून सोडवावी लागंल म्हणायलेत. घरात रोज तेच चाललंय, सासरे म्हणायलेत मुलीची जात आहे गळ्यावर वण नको, ह्यांना भीती वाटायलीय की गळ्याजवळ चाकू लावल्यावर आवाज गेला तर? मला रात्री झोप नाही. कुणाच्या लेकराचं झालंय का, कृपा करून सांगा.

उदगीरचा_बाप
ताई आमच्या पोराचं चार वर्षांचा असताना झालं, आता सातवीत आहे. आधी एक सांगतो, ती नस नसते, तो स्नायू असतो, कानामागच्या हाडापासून खाली छातीच्या हाडापर्यंत अन् कॉलर बोनपर्यंत आलेला, खाली त्याची दोन टोकं असतात. तोच आखूड अन् दोरीसारखा कडक झालेला असतो. मान जरा उलट्या बाजूला वळवून बघा, कातडीखाली ताणलेली दोरी दिसंल. आमच्या सर्जननी खालची दोन्ही टोकं सोडवली, कॉलर बोनच्या बोटभर वर, मानेच्या वळीतच चिरा घेतला. हाडावर चिरा घेतला तर वण जाड होतो म्हणून वर घेतात असं त्यांनी आम्हाला चित्र काढून समजावलं. आज वण शर्टाच्या कॉलरखाली झाकून जातो, जवळ जाऊन बघितलं तरच दिसतो. आवाजाची भीती आम्हाला बी होती. सर्जन म्हणले जपायचं असतं ते रक्ताच्या मोठ्या नळ्यांना, अन् कानाकडचं टोक सोडवायचं असेल तर खांदा उचलणाऱ्या अन् चेहऱ्याच्या नसेला, म्हणून ज्यांनी ही ऑपरेशनं केलेली आहेत त्यांच्याकडंच जा अन् किती केली ते तोंडावर विचारा, त्यात लाजायचं काही नाही.
आमची पहिली तारीख खोकल्यामुळं पुढं गेली. लेकराला सर्दी-खोकला असेल तर लपवू नका, भूल देताना त्रास होतो.
पण खरी परीक्षा घरी आल्यावर. ऑपरेशननंतर मानेला लावलेला पट्टा काढून फेकायचा, रडायचा, अन् मान सरळ केली की म्हणायचा, "पप्पा, मी वाकडा झालो." त्याच्या डोक्यात वाकडी मान म्हणजेच सरळ बसलं होतं. बायको रोज त्याला आरशापुढं बसवून दोन्ही कानांपासून खांद्यापर्यंतचं अंतर बोटांनी मोजून दाखवायची.

फिजिओ_नांदेड
उदगीरच्या भाऊंनी शेवटी लिहिलंय तेच सगळ्यात महत्त्वाचं. ताई, गाठ होती तेव्हा, म्हणजे पहिल्या काही महिन्यांत ताण देण्याचे व्यायाम सुरू झाले तर दहातली जवळपास नऊ लेकरं ऑपरेशनशिवाय बरी होतात. हे तुम्हाला दोष द्यायला नाही सांगत, ज्यांच्या घरात आत्ता तान्हं बाळ आहे त्यांनी वाचावं म्हणून लिहितेय, गाठ चोळायची नसते, मान हळू ताणायची असते. वर्षभरानंतर व्यायामाचा उपयोग कमी होत जातो, साडेतीन वर्षाला नुसत्या व्यायामावर काढणं म्हणजे वेळ घालवणं. बारीक गालाचं पण तेच, मान लवकर सुटली तर वाढत्या वयात चेहरा बराच भरून येतो, उशीर झाला तर फरक राहतो. त्यामुळं मोठी होईपर्यंत थांबू नका.
ऑपरेशननंतर सर्जन सांगतील त्या दिवसापासून व्यायाम, तुमच्या लेकीला हनुवटी उजव्या खांद्याकडं अन् डावा कान डाव्या खांद्याकडं. झटका नाही. काही महिने रोज. सोडलं तर जखमेच्या जागी पुन्हा आखडतं अन् सगळं वाया जातं. आणि खुब्याचा एक्सरे झालाय का? अशा काही लेकरांचा खुबा पण नीट बसलेला नसतो, त्यात तुमची पायाळू.

परभणी_वाचक
माझ्या भाचीची मान अशीच होती अन् निघालं डोळ्याचं, एका डोळ्याचा स्नायू कमजोर होता, दोन-दोन दिसू नये म्हणून ती मान कलती धरायची. झोपली की मान सरळ, हातानं वळवली तर कुठंच अडायची नाही. तुमच्याकडं गाठ होती म्हणजे स्नायूचंच असंल पण डोळ्याच्या डॉक्टरांना एकदा दाखवून घ्या, डोळ्यामुळं मान कलती असेल तर मानेचं ऑपरेशन करून काहीच उपयोग होत नाही.

माजलगावची_आई
तुम्हा सगळ्यांना हात जोडते. काल झोपेत बघितलं, झोपेत पण वाकडीच आहे, अन् दोरी दिसली भाऊ तुम्ही म्हणलात तशी. खुब्याचा एक्सरे झालेला नाही. खर्चाचं कसं करावं?

उदगीरचा_बाप
राशन कार्ड, आधार अन् ती अंगणवाडीची चिठ्ठी सोबत ठेवा. ते पथक राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं असतं, २०१३ पासून चालू आहे, १८ वर्षांपर्यंतच्या लेकरांसाठी, त्यांच्याकडून जिल्हा रुग्णालयात पुढची वाट मिळते. दवाखान्यात आरोग्यमित्र बसलेला असतो, भरती व्हायच्या आधी त्याला विचारा की हे ऑपरेशन महात्मा फुले योजनेत बसतं का, नंतर नाही. घाटीत, म्हणजे संभाजीनगरच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात, हाडांचा विभाग आहे, अंबाजोगाईचं सरकारी मेडिकल कॉलेज तुम्हाला जवळ पडंल. सासऱ्यांना सोबत न्या ताई, आमच्या वडलांनी सर्जनचं चित्र बघितल्यावरच होकार दिला.

माजलगावची_आई
सोमवारी निघतोय अंबाजोगाईला, सासरे पण येणार म्हणलेत. ह्यांना तुमचं सगळं वाचून दाखवलं, दोनदा.