पिकअपचा पुढचा डिस्क ब्रेक: आतला पॅड संपला, बाहेरचा निम्म्याहून जास्त शिल्लक

लालमाती (रत्नागिरी)
पुढे डिस्क, मागे ड्रम असलेली पिकअप. दीड टनापर्यंत माल, बहुतेक फेऱ्या आंबा घाटातून कोल्हापूरला. डाव्या पुढच्या चाकातून ब्रेक दाबल्यावर करकर येते. चाक काढून बघितलं तर आतल्या पॅडचा मसाला जेमतेम २ मिमी, बाहेरचा ७ मिमी. उजवीकडे दोन्ही ६ च्या आसपास. जॅक, दोन घोड्या, गोटी पाने, सी क्लॅम्प एवढं घरी आहे.
फक्त डावीकडचे पॅड बदलले तर चालेल का? ग्रीस कुठलं, कुठे आणि किती लावायचं? चेसिसला मारतो तेच चालतं का? आणि ब्रेक ऑइल पूर्ण काढावं लागतं का?

पाना१४
आतला संपला आणि बाहेरचा शिल्लक, म्हणजे पॅडचा दोष नाही, स्लाइड पिना जाम आहेत. तुमच्या कॅलिपरला (पॅड डिस्कवर आवळणारा चिमटा) पिस्टन फक्त आतल्या बाजूला आहे. तो आतला पॅड डिस्कवर दाबतो, मग कॅलिपरची बॉडी दोन पिनांवरून सरकते आणि बाहेरचा पॅड ओढून आणते. पिना गंजल्या की बॉडी सरकत नाही, सगळी झीज आतल्या पॅडवर. पिना न काढता नवे पॅड टाकलेत तर तेही असेच जातील.

पॅड दोन्ही चाकांचे एकदम बदला, नाहीतर ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढेल. पण उघडताना एका वेळी एकच बाजू उघडा. पत्र्याच्या क्लिपा कशा बसतात हे विसरलात तर दुसरी बाजू बघायला राहते.

हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना पाचर लावा, नट चाक जमिनीवर असतानाच सैल करा. घोडी चेसिसखाली. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली हात घालू नका.

कॅलिपरचे दोन्ही बोल्ट काढताना पिनची मान पातळ पान्याने धरून ठेवा. ती मोकळी सोडली तर बोल्टबरोबर पिन फिरते आणि रबरी बूट पिळवटून फाटतो. सुटलेला कॅलिपर तारेने वर बांधा. नळीवर लोंबकळत ठेवला तर नळी आतून फाटते आणि बाहेरून काही दिसत नाही.

पिस्टन मागे ढकलायच्या आधी ब्लीड निपलला (कॅलिपरवरचा तेल-हवा सोडायचा स्क्रू) पारदर्शक नळी लावून टोक बाटलीत सोडा. निपल थोडा सैल करा, जुना पॅड मध्ये ठेवून सी क्लॅम्प सावकाश आवळा. कॅलिपरमधलं काळं तेल बाहेर येईल, वर टाकीकडे किंवा एबीएसमध्ये (चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) जाणार नाही. पिस्टन तळाला टेकत आला की क्लॅम्पचा दाब असतानाच निपल बंद करा, म्हणजे हवा शिरणार नाही. पिस्टन सरळ सरकला पाहिजे. अडकत असेल तर सीलचं किट टाका, आणि पिस्टनवर गंजाचे खड्डे दिसले तर पिस्टनही बदला.

आता ज्याकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं ते: पॅडचे कान (दोन्ही टोकांना पुढे आलेले भाग) ज्या क्लिपांत बसतात त्या काढून खालची खाच बघा. तिथे गंज फुगतो, क्लिप वर उचलली जाते आणि पॅड आवळला जातो. वायर ब्रशने खाच पांढरी होईपर्यंत घासा, नव्या क्लिपा बसवा. नवा पॅड बोटांच्या जोराने सरकला पाहिजे. हातोडी घ्यावीशी वाटली तर खाच अजून साफ झालेली नाही. पॅडचे कान कानसीने घासू नका.

मिठागर
ग्रीसचं मी सांगतो. चेसिसचं ग्रीस पिनांना अजिबात नको. ब्रेकचं रबर ईपीडीएम नावाच्या कृत्रिम रबराचं असतं आणि खनिज तेल लागलं की ते फुगतं. बूट सैल पडतो, पाणी आत जातं, आणि एका पिनला रबरी बाही असेल तर ती भोकातच फुगून पिन जाम करते. त्याच कारणाने हे भाग रॉकेल-डिझेलने धुऊ नका, ब्रेक क्लीनर वापरा. पॅडची पूड हवेच्या पाइपने उडवू नका, ओली करून पुसा.

पिनांना ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस. एका पिनला वाटाण्याएवढं, साधारण १ ग्रॅम, सगळीकडे पातळ थर. भोकातलं जुनं ग्रीस आधी पूर्ण काढा. जास्त भरलं तर भोकाच्या तळाशी हवा आणि ग्रीस कोंडतं, दाबलेली पिन स्प्रिंगसारखी परत बाहेर येते. पिन पूर्ण आत ढकला, बूटाचा ओठ तिच्या खाचेत बसवा आणि ओठ जरासा उचलून कोंडलेली हवा सोडा. वरची-खालची पिन अदलाबदल करू नका, बाही असलेली जिथली तिथेच.

कानांवर आणि पॅडच्या पाठीवर, जिथे पिस्टन आणि कॅलिपरची बोटं टेकतात तिथे, त्याच ग्रीसचा पुसट हात. कॉपर ग्रीस फक्त धातूला धातू लागतो तिथे, रबराजवळ नको. एकच ट्यूब घ्यायची असेल तर सिलिकॉनचीच घ्या. पॅडच्या मसाल्याला ग्रीसचं बोट लागलं तर तो पॅड बाद समजा.

घाटमाथा
ऑइल: टाकीच्या झाकणावर डॉट ३ की ४ (ब्रेक ऑइलचा दर्जा) लिहिलेलं असतं, तेच घ्या. पॅडसाठी सगळं काढावं लागत नाही, पण दोन वर्षं झाली असतील तर या निमित्ताने बदलाच. हे तेल ओलावा शोषतं. नवं डॉट ४ किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, ओलावा शिरल्यावर तीच मर्यादा १५५ वर येते. भरल्या गाडीने घाट उतरताना ते उकळलं की नळीत वाफ होते आणि पेडल तळाला जातं. रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा.

मागचे पाटे वाढवलेत का? बऱ्याच पिकअपमध्ये मागच्या ॲक्सलजवळ वजनावर चालणारा ब्रेक व्हॉल्व्ह असतो. पाटे वाढवले की गाडी भरूनही मागून उंच राहते, व्हॉल्व्हला ती रिकामी वाटते, मागे दाब कमी जातो आणि पुढचे पॅड लवकर झिजतात. त्याचा दांडा जुळवून घ्यावा लागतो.

लालमाती
पाटा एक वाढवलाय, दांडा जुळवून घेतो. डावीकडची खालची पिन पूर्ण जाम निघाली. डिस्कवर किमान जाडी २२ कोरली आहे. व्हर्नियरने २३.१ येते. वापरू का?

पाना१४
व्हर्नियर काठाच्या न झिजलेल्या ओठावर अडकतो, म्हणून आकडा जास्त येतो. डिस्कच्या दोन्ही बाजूंना एकेक सारखं नाणं ठेवून मोजा आणि दोन नाण्यांची जाडी वजा करा. तीन-चार ठिकाणी मोजा. २२.५ च्या खाली आली तर दोन्ही डिस्क बदला, कारण हे पॅड संपायच्या आधीच ती २२ च्या खाली जाईल. नव्या डिस्कवरचं गंजरोधक तेल क्लीनरने धुवा आणि हबचं तोंड घासून घ्या. तिथे गंजाचा कण राहिला तरी डिस्क डुगडुगते आणि पेडल थरथरतं. डिस्क हबच्या मागून बोल्टने बसवलेली असेल तर बेअरिंग उघडावं लागतं, ते जमत नसेल तर तेवढं काम गॅरेजला द्या.

बोल्ट मॅन्युअलच्या टॉर्कला आवळा. गाडी हलवायच्या आधी पेडल कडक होईपर्यंत मारा, पहिले काही दाब पोकळच जातील. तेलाची पातळी बघा. मग मोकळ्या रस्त्यावर ५० वरून १० पर्यंत वेग उतरवत आठ-दहा वेळा ब्रेक मारा, मध्ये पूर्ण थांबू नका. शेवटी गार होईपर्यंत चालवत राहा. भरली गाडी घाटात न्यायची ती त्यानंतरच.