मदत हवी आहे: शेवट कुठे आहे हे माहीत नसताना टिकायचं कसं?

मंडळी, माझा मावसभाऊ लष्कराच्या विशेष दलाच्या निवडीची तयारी करतोय आणि त्याचा सराव मी घेतो. शरीराचा प्रश्न नाही. पाठीवर वजन घेऊन चालणं, धावणं, पोहणं, सगळं वेळेत होतं. अंतर आधी सांगितलं की गडी सुसाट. पण "मी थांब म्हणेपर्यंत चालायचं" म्हटलं की त्याच वाटेवर सारखा घड्याळात बघतो, पिशवीचे पट्टे उगाच ओढत बसतो आणि नेहमीच्या अंतराच्या अलीकडेच ढेपाळतो.

खऱ्या निवडीत तर हेच असतं. एसएएस या ब्रिटिश लष्कराच्या विशेष दलाच्या निवडीतल्या डोंगरचालीत प्रशिक्षक ना ओरडतात ना शाबासकी देतात. अमेरिकी लष्करी अधिकारी चार्ल्स बेकविथने १९७७ मध्ये अमेरिकेत डेल्टा फोर्स हे विशेष दल उभारताना तीच पद्धत उचलली. तिथे किती वेळात पोचलं म्हणजे पास, हेही उमेदवाराला सांगत नाहीत. नेव्ही सील्स या अमेरिकी नौदलाच्या विशेष दलाचा हेल वीक, म्हणजे प्रशिक्षणातला सर्वांत खडतर आठवडा, भयंकरच, साडेपाच दिवसांत झोप जेमतेम चार तास. पण तो शुक्रवारी संपणार हे ठाऊक असतं. "पुढच्या जेवणापर्यंत तग धर" हा तिथला प्रसिद्ध सल्ला चालतो, कारण जेवण ठरल्या वेळी येतंच. जिथे असा टप्पाच नाही तिथे मनाने धरायचं काय?

एकाने सुचवलं की मुळात प्रेरणाच तपासा. वेस्ट पॉइंट या अमेरिकी लष्करी अकादमीच्या दहा हजारांहून जास्त कॅडेट्सवरचा २०१४ चा अभ्यास वाचला. आतून ओढ आणि सोबत बाहेरच्या फायद्याचीही आस असलेले कॅडेट्स, निव्वळ आतली ओढ असलेल्यांपेक्षा मागे पडले. भावाला बिल्ल्याचं आकर्षण आहे, नाकारत नाही. पण तो अभ्यास कित्येक वर्षांच्या कारकिर्दीचा आहे, एका रात्रीच्या चालीला तो जसाच्या तसा लावणं मला पटत नाही.

खरी गोची पुढे आहे. तो ढेपाळला की मी थांबवतो. म्हणजे ढेपाळलं की सुटका होते, हेच मी त्याला शिकवतोय का? न थांबवावं तर दुखापतीची भीती. अज्ञात अंतराचा सराव रोज द्यावा की अधूनमधून? आणि थांबवायची वेळ कशावरून ठरवावी?

अशा निवडीतून गेलेल्यांनी किंवा कोणाला तयार केलेल्यांनी कृपया लिहा. "मन खंबीर ठेवा" एवढंच नको, प्रत्यक्ष सराव कसा बदलू ते सांगा.