डबलबारीच्या कॅसेटी: टॅग फाईलच्या पोटात की फोल्डरच्या नावात?

तिठ्यावरचा (कुडाळ)

लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

काकांच्या ट्रंकेत डबलबारी भजनांच्या आणि दशावताराच्या १४० कॅसेटी होत्या. फितीवर बुरशी धरायला लागली म्हणून घाईघाईने सगळ्या कॉम्प्युटरवर घेतल्या. ते काम सोपं निघालं. अडलो ते नावं देताना.

एमपीथ्री फाईलच्या आतली गाण्याची माहिती, म्हणजे टॅग, आयडीथ्री नावाच्या पद्धतीने साठवतात. १९९६ साली ती आली तेव्हा शीर्षकाला ३० बाइट होते आणि संगीतप्रकारांची ८० नावांची ठरलेली यादी होती. तीत पोल्का आहे, भजन नाही. आज जागेची अडचण राहिलेली नाही, पण रकाने तेच: गाणं, कलाकार, अल्बम, प्रकार. आता सांगा, डबलबारीत कलाकार कोण? समोरासमोर दोन बुवा, एकाने गाण्यातून टाकलेला प्रश्न दुसऱ्याने आपल्या बारीत सोडवायचा. अल्बम कुठला? देवळाच्या सभामंडपात रात्री दोन वाजता टेपचं बटण दाबलं, हाच अल्बम.

म्हणून मी स्वतःचे रकाने केले: बुवा, समोरचे बुवा, पखवाज, प्रकार (अभंग, गजर, गौळण), गाव, निमित्त (सप्ताह, जत्रा, गणपती), कॅसेट आणि बाजू. टॅग लिहायच्या एमपीथ्रीटॅग प्रोग्रॅममध्ये हे सहज जमतं. म्युझिकबी किंवा फूबार २००० या प्लेअरमध्ये मग "गौळण, आणि पखवाज अमक्याचा" असं विचारलं की यादी आपोआप तयार. दोन ठिकाणचे फोल्डर नेटवरून सारखे ठेवणाऱ्या सिंकथिंगने तेच सगळं डोंबिवलीत भावाकडे जातं.

माझं म्हणणं एवढंच की ही माहिती फाईलच्या आतच हवी. प्लेअरच्या भरवशावर ठेवलेल्या याद्या आणि चांदण्या मी एकदा फोन बदलताना घालवून बसलोय. गाणी राहिली, चार वर्षांची निवड गेली.

ओहोटी (वेंगुर्ला)

दादा, मेहनतीला नमस्कार, पण हा सोस आहे. गाव, मग वर्ष, मग बुवा असे फोल्डर करा. फाईलला नीट नाव द्या. फोन, पेन ड्राईव्ह, टीव्ही, सगळीकडे दिसतं. तुमचा 'पखवाज' रकाना फोनवरचे बरेचसे प्लेअर दाखवतच नाहीत. माझ्या गाडीतल्या टेपला देवनागरी टॅग दिला की चौकोन, चौकोन, चौकोन.

पायपेटी (कणकवली)

ओहोटीभाऊ, फोल्डरमध्ये फाईल एकाच जागी बसते. एकच गौळण मला गावाखाली हवी, बुवांखाली हवी आणि गणपतीच्या यादीतही हवी. तीन प्रती करू? मग एकीतली चूक सुधारायची आणि दोन विसरायच्या.

आणि चौकोन दिसतात ते गाडीच्या टेपमध्ये फॉन्ट नाही म्हणून. त्यात टॅगचा काय दोष? देवनागरीतलं फाईलचं नावही तिथे चौकोनच दाखवेल. बघा करून.

ओहोटी

म्हणूनच मी नावं रोमनमध्ये देतो.

पायपेटी

मग 'गौळण' तुमच्या रोमनमध्ये चार प्रकारे लिहिलेली असणार. पैज लावतो.

जुनी फीत (रत्नागिरी)

माझा आक्षेप वेगळा आहे, आणि जरा कडक आहे. मूळ ध्वनिमुद्रणाच्या फाईलला हात लावायचाच नाही. टॅग लिहिणं म्हणजे फाईल पुन्हा लिहिणं. मध्येच वीज गेली तर? आपल्याकडे जूनमध्ये ती किती टिकते ते सांगायला नको. शिवाय प्रत्येक टॅगनंतर चेकसम, म्हणजे फाईलवरून काढलेला पडताळणीचा आकडा, बदलणार. मग उद्या फाईल आपोआप खराब झाली का तुम्हीच काही बदललंत, हे ओळखणार कसं? माहिती वेगळ्या तक्त्यात ठेवा, फाईलला फक्त क्रमांक द्या. ग्रंथालयात पुस्तकाच्या पानांवर नोंदी करतात का?

दुसरं, टॅग हा अख्ख्या फाईलचा असतो. नव्वदच्या कॅसेटची एक बाजू ४५ मिनिटांची. तीत स्तवनापासून गजरापर्यंत चार-पाच गोष्टी येतात, शेवटची तर फीत संपली म्हणून अर्धीच तुटलेली असते. 'प्रकार' रकान्यात काय लिहिलंत?

तिठ्यावरचा

फीतसाहेब, दुसरा मुद्दा वर्मी लागला. मी बाजू अख्खी ठेवली आणि तिचे वेगळे तुकडेही पाडले. तुटलेल्या गजराचे दोन्ही तुकडे 'अपूर्ण' म्हणून ठेवले, जोडले नाहीत. कॅसेट उलटवेपर्यंत जे गायलं गेलं ते गेलंच, उगाच सांधून खोटं कशाला करायचं. दशावताराला मात्र हे जमत नाही. रात्रभर चालणारं आख्यान, संवाद तिथल्या तिथे सुचलेले, कुठे कापणार? तिथे तुम्ही म्हणता तसा तक्ताच ठेवलाय: अमुक मिनिटाला अमुक पात्राचा प्रवेश.

चेकसमबद्दल मात्र ऐका. मूळ प्रती एमपीथ्रीत नाहीत, फ्लॅकमध्ये, म्हणजे आवाजातलं काहीच न गाळणाऱ्या फाईलींत आहेत. फ्लॅकच्या सुरुवातीलाच नुसत्या आवाजाचा चेकसम (एमडीफाइव्ह) लिहिलेला असतो. टॅग हजारदा बदला, तो बदलत नाही, कारण तो टॅगचा नाहीच. आवाजाला धक्का लागला तर तपासणीत लगेच कळतं. वेव्ह प्रकारच्या फाईलला ही सोय नाही, आणि टॅगचीही धड नाही, म्हणूनच वेव्ह सोडलं.

विजेचं खरं आहे. इन्व्हर्टर आहे आणि एक प्रत कपाटात बंद डिस्कवर आहे, तिला मी हात लावत नाही.

जुनी फीत

बंद डिस्क आहे म्हणता, मग निम्मा राग गेला. तक्त्याचा आग्रह कायम. तुमच्यानंतर हे उघडणाऱ्याला फूबार माहीत असेलच असं नाही. कागदावर छापलेली यादी कुणीही वाचेल.

झांजवाली (मालवण)

सिंकबद्दल कुणीच बोलेना म्हणून मी बोलते. आमच्याकडे मी आणि मुंबईचा दीर, दोघंही टॅग लावत होतो. इथे नेट दोन दिवस गेलं, तेवढ्यात एकाच फाईलला दोघांनी हात लावला. नेट आल्यावर प्रत्येक फाईलची नावात 'सिंक-कॉन्फ्लिक्ट' असलेली जुळी! अशी साठ जुळी निस्तरताना गणपती आले. तेव्हापासून नियम केला: टॅग एकाच घरी लावायचे. दुसऱ्या घरची प्रत फक्त घेणारी. दिराला काही सुचवायचं असेल तर फोन करतो.

अजून एक. फाईलमध्ये टॅगसाठी थोडी रिकामी जागा राखलेली असते. तेवढ्यात मावलं तर ठीक. लांबलचक टीप किंवा फोटो घातला की पुढचा सगळा मजकूर सरकतो, आणि पाव जीबीची फाईल आमच्या नेटवरून पुन्हा पहिल्यापासून जाते. म्हणून फोटो आधीच, एकदाच.

आणि देवनागरीचा खरा घोळ चौकोनांत नाहीच. 'जात्यावर गाणाऱ्या' हा शब्द मी एका कीबोर्डवर लिहिला, दिराने दुसऱ्या. दिसायला अगदी एक. पण त्यातला ऱ्या दोन वेगळ्या रीतींनी टाईप होतो, एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर, दुसऱ्यात साधा र आणि न दिसणारा जोडणारा. शोधलं तर निम्म्याच ओव्या सापडायच्या. आठवडाभर मी दिरालाच बोल लावत होते.

पायपेटी

ताई, हे सोन्यासारखं सांगितलंत. माझ्या काही फाईली का सापडत नव्हत्या ते आत्ता कळलं.

ओहोटी

बघा! सिंक, जुळी, न दिसणारी अक्षरं. फोल्डरवाल्याला यातलं काहीच नाही.

झांजवाली

भाऊ, फोल्डरच्या नावातही हेच ऱ्या असतं.

माका काय (देवगड)

तुमी सगळे टॅग खय ठेवचो त्यावर भांडतात. माका एक सांगा, पखवाज कोणाचो ता तुमका कोणी सांगल्यान?

तिठ्यावरचा

काकांनी. ते त्या बाऱ्यांना स्वतः हजर होते.

माका काय

माझो आजो पण हजर होतो. तो एकाच बारीचो पखवाज सकाळी एकाचो सांगता, संध्याकाळी दुसऱ्याचो. एकदा टॅगात लिवलास की ता खरा होता. भावाकडे जाता, भावाकडसून आणखी धा जणांकडे. मगे पुसतलो कोण?

तिठ्यावरचा

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. काल रात्री जेवण झाल्यावर काकांना ३७ नंबरची ब बाजू पुन्हा ऐकवली. फाईलमध्ये मी एक नाव लिहून ठेवलेलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, हा तो नव्हे, याचा हात जड आहे. मग कोण? आठवत नाही म्हणाले. पहिलं नाव त्यांनीच दिलं होतं हे त्यांना पटेना.

आज एक रकाना वाढवलाय: 'कोणी सांगितलं, कधी'. जुनं नाव पुसलेलं नाही, त्यापुढे 'शंका' लिहिलं. एकाच नावाचा रकाना दोनदा ठेवायला फ्लॅकमध्ये हरकत नसते, त्यामुळे दोन पखवाजवाले गुण्यागोविंदाने नांदतायत. फक्त रकान्याचं नाव तिथे रोमनमध्येच द्यावं लागतं, आतला मजकूर देवनागरी चालतो.

जुनी फीत

'कोणी सांगितलं' हा रकाना माझ्या तक्त्यात नव्हता. घेतो.

माका काय

३७ ब धाड माका. आज्याक आयकवतंय. तिसरा नाव गावात.

ओहोटी

तुमचं चालू दे. ज्यांना फोनवर हवंय त्यांच्यासाठी निदान साध्या याद्या तरी काढून द्या.

तिठ्यावरचा

तेच करतो भाऊ. कॉम्प्युटरवर टॅगवरून यादी निघते, ती एमथ्रीयूएट (गाण्यांच्या यादीची) फाईल म्हणून गाण्यांच्याच फोल्डरमध्ये ठेवली की सिंकबरोबर फोनवर जाते. फोनला टॅग कळो न कळो, यादी वाजते. गौळणींची आज पाठवली तुम्हाला, पेन ड्राईव्हवर टाकून गाडीत लावा.

ओहोटी

लावली. गौळण झकास आहे. वर चौकोनच दिसतायत.